सेम्बावांगहून, बर्फाबाबत

आमच्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर राहणारे मोघेकाका रोज सकाळी दात घासायच्या आधी बर्फ किती पडला ते बघतात.

आम्ही सेम्बावांगला राहतो, सिंगापूरच्या उत्तर टोकाला. इथे पंखा बंद केला की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो, आणि बर्फ म्हणाल तर तो हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, उसाच्या रसात असतो तेवढाच. तरीही सकाळी साडेसातला लिफ्टचं दार उघडतं, आत काका उभे असतात, पायात चपला, काखेत छत्री, आणि चेहऱ्यावर घरचं कार्य निर्विघ्न पार पडल्याचं समाधान.

"आठ इंच!" ते मला सांगतात. "वरच्या कड्याला दहा. आज फटफटीवाल्यांची चंगळ आहे, मुग्धा."

काकांचा डावा कान गेलेला असल्यामुळे ते कुठलीही गोष्ट सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशीच सांगतात. लिफ्टमधल्या चिनी आजी मान डोलावून इथल्या इंग्रजीत म्हणतात, "या लाह, व्हेरी हॉट." काका त्यांनाही आठ इंच दाखवतात, हाताने. आजी आणखी जोरात मान डोलावतात. हा संवाद गेल्या ऑक्टोबरपासून रोज चालला होता आणि दोन्ही पक्ष त्यावर खूश होते.

हा बर्फ पडतो कॅनडाच्या पश्चिमेला, एका खोऱ्यातल्या सरकारी जंगलात. हिवाळ्यात त्या जंगलात दोन जातींची माणसं मजा करायला येतात. पहिली जात बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलींवर बसून डोंगर पालथा घालते. दुसरी जात पायाला लांब पट्ट्या बांधून तीन तास घाम गाळत वर चढते आणि वर शांतता असावी अशी अपेक्षा धरते. पहिले दहा मिनिटांत वर पोचतात, कोऱ्या बर्फावर चरे पाडतात, आणि दुसरे पोचेपर्यंत खाली येऊन कॉफी पीत असतात. पहिल्यांचं म्हणणं, जंगल सरकारी आहे म्हणजे आमचंही आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, जंगल आहे, रेसकोर्स नाही. गाड्या लावायला डोंगराच्या पायथ्याशी एकच मैदान, त्यामुळे भांडणाची सोयही उत्तम. अखेर तिथल्या वनखात्याच्या कार्यालयाने कुठला उतार कुणाला द्यायचा याचा एक आराखडा केला, नकाशांसकट वेबसाइटवर टाकला आणि लोकांच्या सूचना मागवल्या. लोकांच्या, एवढंच म्हटलं होतं. कुठल्या लोकांच्या ते म्हटलं नव्हतं. काकांनी ती फट पहिल्याच दिवशी हेरली.

काका मूळचे पुण्याचे. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत नोकरीला आले आणि बोटींची इंजिनं तपासता तपासता निवृत्त झाले. तपासणीचा रिपोर्ट लिहिणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसेना. लिफ्टचं दार चार सेकंद लवकर मिटतं, बसस्टॉपच्या छपराची पागोळी नेमकी बाकावर पडते, कोपीवाला, म्हणजे इथला कॉफीवाला, 'साखर कमी' हे वाक्य ऐकून साखर वाढवतो, असं सगळं ते त्या त्या ठिकाणी लिहून कळवत. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असे, की आपला आग्रह नाही, पण नोंद असू द्यावी. बोलतानाही हेच. पोहे खारट झाले तर म्हणायचे, "छान झालेत. मीठ अर्धा चमचा जास्त आहे. तक्रार नाही, नोंद असू द्या."

आम्ही तीन वर्षांपूर्वी या ब्लॉकमध्ये आलो, तेव्हापासून ते एकटेच आहेत. भिंतीवर शैलाकाकूंचा फोटो. मुलगी, सई, कॅनडात असते, हे त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि त्यानंतर तिचा विषय कधी काढला नव्हता. मीही काढला नाही. कॅनडा हा देश इतका मोठा आहे, की जंगल आणि मुलगी यांची सांगड घालायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, कुणी शब्दकोडी सोडवतं, कुणी बोन्साय करतं, तसं काकांनी एक खोरं दत्तक घेतलंय.

जेवणाच्या टेबलावर तो नकाशा कायमचा पसरलेला असे. जेवायला एक कोपरा मोकळा. मोटारवाल्यांचा भाग लाल, पायवाल्यांचा निळा, आणि जिथे दोघांनी समजुतीने राहायचं तो पट्टा जांभळा. "खरी गोम या जांभळ्यात आहे," काका म्हणायचे, आणि त्यावर आमटीचा थेंब पडला की हळहळायचे.

सुरुवातीला काका फटफटीच्या बाजूचे होते. इंजिनवाला माणूस तो. स्नोमोबाइलचं इंजिन किती शक्तीचं, थंडीत ते कसं धरतं, यावर त्यांनी मला रविवारची एक अख्खी सकाळ ऐकवलं होतं. मग एक दिवस ते प्रत्यक्ष पाहणीसाठी जुरोंग ईस्टला गेले. तिथे एका बंदिस्त हॉलमध्ये खोटा बर्फ केलेला होता. भाड्याने कोट मिळे, पोरंटोरं घसरगुंडीवरून रबरी ट्यूबवर बसून खाली येत. काका वही-पेन घेऊन उताराच्या पायथ्याशी उभे राहिले. पेनातली शाई गोठली म्हणून ते झटकत असताना डाव्या बाजूने एक ट्यूब आली, आणि काका, वही आणि दोन शाळकरी मुली असा एकच ढीग झाला. गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता. त्यांनी मात्र त्याच संध्याकाळी खोऱ्याच्या कार्यालयाला लिहिलं, की पायी माणसाला मागून येणारं वाहन ऐकू येईलच असं आराखड्यात गृहीत धरलं आहे, ते बरोबर नाही.

त्यानंतर ते तटस्थ झाले. रोज संध्याकाळी पार्क कनेक्टरवर, म्हणजे बागांना जोडणाऱ्या इथल्या रस्त्यावर, बाकावर बसून निरीक्षण करू लागले. तिथे चालणारे, सायकलवाले आणि विजेच्या सायकलींवर जेवण पोचवणारे सगळे एकत्र असतात. "हेच खोरं आहे, मुग्धा. फक्त बर्फ नाही." एकदा त्यांनी एका डिलिव्हरीवाल्याला हात करून थांबवलं आणि विचारलं, पायी चालणाऱ्यांविषयी तुझं प्रामाणिक मत काय. तो म्हणाला, "अंकल, आय लेट ऑलरेडी लाह!" काकांनी हेही कॅनडाला कळवलं. मोटारवाल्यांची घाई ही वृत्ती नसून पुष्कळदा परिस्थिती असते, असं.

त्यांची सर्वांत गाजलेली सूचना मात्र पुण्याची होती. पुण्यातल्या गल्लीत पी-वन आणि पी-टू अशा पाट्या असतात. विषम तारखेला गाड्या या बाजूला लावायच्या, सम तारखेला त्या बाजूला. काकांनी सुचवलं, जांभळ्या पट्ट्यात हेच करा. विषम तारखेला फटफटी, सम तारखेला पाय. सोबत हाताने काढलेली आकृती जोडली होती. आकृतीत बर्फ होता, उतार होता, आणि मधोमध पी-वनची पाटी.

चार दिवसांनी उत्तर आलं. कार्यालयाच्या नावाने, खाली कुणाची सही नाही. सूचना कल्पक आहे, पण एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे मोटारवाल्यांना सलग दोन दिवस मिळतील, त्याचं काय?

ते उत्तर घेऊन काका जिन्याने माझ्याकडे आले. लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. "किती बारकाईने वाचलंय बघ! एकतीस आणि एक! पुण्यात एवढी वर्षं पाट्या आहेत, कुणाच्या डोक्यात आलं का हे?" मला वाटलं, खोडून काढलेल्या सूचनेचा इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय. त्या कागदाला त्यांनी प्लास्टिकचं पाकीट केलं आणि तो फाईलला लावला. तशी सोळा पाकिटं आधीच होती. नियमच होता तिथला, की आलेली प्रत्येक सूचना वाचली जाईल आणि प्रत्येकीला उत्तर जाईल.

जानेवारीत मुदत संपायला दोन आठवडे राहिले, तेव्हा काका अस्वस्थ झाले. त्यांनी एका रविवारी ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींना मिसळीला बोलावलं. तेवीस माणसं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्या सहा फोल्डिंगच्या वर नेल्या. काकांनी एका पानाचा मजकूर तयार ठेवला होता. दोन्ही पक्षांना न्याय मिळावा आणि पायवाल्यांच्या बाजूला आवाजाची मर्यादा असावी, इतकाच. प्रत्येकाने तोच आपापल्या नावाने पाठवायचा होता.

तेवीस मराठी माणसांना एकच मजकूर द्यायचा आणि त्यांनी तो तसाच पाठवायचा, ही कल्पना पुण्यात वाढलेल्या माणसाने कशी काय केली, मला अजून कळलेलं नाही. बँकेतले नेने म्हणाले, मसुदा चांगला आहे, पण 'मर्यादा' शब्दाच्या आधी 'वाजवी' हवं. कुलकर्णीबाईंनी नकाशा बघून विचारलं, वरच्या विश्रांतीच्या झोपडीत बायकांसाठी वेगळं टॉयलेट दिसत नाही, आणि मजकूर बाजूला ठेवून त्यांनी फक्त तेवढंच लिहिलं. एकांनी शाकाहारी उपाहारगृह मागितलं. माझ्या नवऱ्याने, समीरने, सायलेन्सरची सूचना केली. एका गृहस्थांनी मुळात हिवाळ्यात जंगलात जावंच का, असा पायाचा प्रश्न उपस्थित केला. मिसळीचा दुसरा हात फिरेपर्यंत खोलीत दोन तट पडले होते. त्यांतल्या एकानेही आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता.

त्या गदारोळात नेनेंच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पायांनीच यायचं म्हटलं तर आमच्यासारख्यांनी डोंगर कधी बघायचाच नाही का? आम्हाला फटफटीच बरी."

काका मिसळ वाढता वाढता थांबले. त्यांचा गुडघा जुरोंग ईस्टपासून पूर्वीसारखा झालेला नव्हता. नंतर जाऊन त्यांनी नकाशातल्या लाल वाटेवर बोट फिरवलं, पायथ्यापासून वरपर्यंत, सावकाश. मी ते पाहिलं आणि तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

त्या दुपारी सिंगापूरहून कॅनडाच्या वनखात्याला तेवीस सूचना गेल्या. तेवीसही वेगळ्या, आणि निदान आठ एकमेकींच्या विरुद्ध.

मी या तेवीसांत नव्हते, माझी सूचना पाठवायची राहिली होती. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी आराखडा उघडला. काहीतरी शहाणपणाचं लिहावं म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथे आराखडा तयार करणाऱ्यांची नावं होती. चार साहेबी नावं आणि पाचवं, सई मोघे.

संध्याकाळी मी अकराव्या मजल्यावर गेले. काका भांडी घासत होते.

"काका, सई तिथे काम करते?"

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, मग टॉवेलची घडी घातली. बराच वेळ घडीच चालली होती.

"तिथेच असते," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. चार वर्षांपूर्वी शैलाकाकूंचं दुखणं निघालं तेव्हा सई तिथल्या डोंगरांत होती. पदवीचं शेवटचं काम, जंगलात तंबू, आठवड्यातून एकदा फोन. काकूंनी नवऱ्याकडून वचन घेतलं, की पोरीला सांगायचं नाही, काम अर्धवट टाकून येईल, पदवी हातात पडली की सांगू. डॉक्टरांनी सहा महिने म्हटले होते. काकू सात आठवड्यांत गेल्या. सई तिसऱ्या दिवशी पोचली. तेरा दिवस राहिली, आल्यागेल्याला चहा दिला, सगळं केलं. परत जाताना विमानतळावर बापाला म्हणाली, "तू मला सांगायला हवं होतंस." तेवढंच. तेव्हापासून दिवाळीला एक मेसेज, वाढदिवसाला एक. फोन उचलत नाही.

"पण काका, काकूंनीच सांगू नका म्हटलं होतं ना? मग सांगा की तिला तसं!"

"छे," काका म्हणाले. "शैला उत्तर द्यायला आहे का आता? मी आहे. माझ्यावर चिडली तर निदान समोर चिडायला माणूस आहे. आईवर चिडून ती काय करणार?"

त्यांनी फाईल आणली आणि पाकिटं एकेक करून दाखवायला लागले. उत्तरांवर सही नसली तरी ती तिचीच आहेत, याबद्दल त्यांची खात्री होती. या पत्रात एकाच परिच्छेदात दोनदा आभार मानलेत, सई शाळेत निबंधात असंच करायची. एकतीस आणि एकचा मुद्दा, हे तर तिचंच डोकं. "ऑफिसचं काम म्हणून का होईना, बापाचं पत्र तिला वाचावं लागतं, आणि उत्तर द्यावं लागतं. नियमच आहे." हे सांगताना ते हसत होते. मी मुद्दाम खिडकीतून बाहेर बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला तो प्रकार आवडत नाही.

शुक्रवारी मुदत संपत होती. काकांनी मला मदतीला बोलावलं, त्यांची अठरावी आणि शेवटची सूचना जायची होती. जंगलातल्या हरणांबद्दल होती ती. दोन्ही पक्षांनी फॉर्म भरलेत, हरणांनी भरलेला नाही, तरी ती हिवाळ्यात जिथे थांबतात तो उतार दोघांनीही सोडावा. मला विचाराल तर त्या सगळ्या भांडणातलं हे सर्वांत समंजस वाक्य होतं.

फॉर्मच्या तळाशी एक रिकामा चौकोन असतो. आणखी काही सांगायचं आहे का? आधीच्या सतराच्या सतरा वेळा काकांनी तो रिकामा सोडला होता.

"इथे लिहा," मी म्हटलं. "दोन ओळी लिहा, काका. उद्यापासून हे दार बंद होणार."

"सरकारी कागद आहे हा. घरचं इथे आणायचं नाही. उद्या कुणी म्हणेल, हिचा बाप हिला कागदांतून काय काय लिहितो. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"अहो, कोण वाचतंय!"

"तीच वाचते," काका म्हणाले.

तरी ते त्या चौकोनासमोर वीस मिनिटं बसले. एक बोट दोनदा कळफलकाजवळ गेलं. शेवटी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, सध्या आणखी काही नाही. आणि फॉर्म पाठवून दिला. मला त्यांचा विलक्षण राग आला. इतका नेकपणा काय कामाचा, असं मी घरी येऊन समीरला म्हटलं, आणि त्याच्यावरच थोडी ओरडलेही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या खुर्च्या आणायला मी वर गेले. टेबल मोकळं होतं. नकाशाची घडी करून ठेवली होती आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या टेबलाचा रंग दिसत होता. काका खुर्च्या पुसून देत होते, मला नको म्हणायचा अवकाश न देता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

काकांनी नाव पाहिलं आणि उभेच राहिले. मीच पुढे होऊन फोन घेतला आणि त्यांच्या हातात दिला. एका कानाने ऐकायचं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात. सवयीने तोच लावला.

"बाबा."

"हं," काका म्हणाले.

"आत्ताच मुदत संपली. आता मी तुझ्याशी बोलू शकते. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं, की हे माझे वडील आहेत. मग तुझी फाईल पीटरकडे दिली. सगळी उत्तरं त्याची आहेत. मला मध्ये पडायची परवानगी नव्हती."

काका खाली बसले. सतरा पाकिटं, दोनदा मानलेले आभार, एकतीस आणि एकचा हिशोब, सगळं कुणा पीटरचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पण ते म्हणाले, "बरोबर केलंस. तसंच करायला पाहिजे होतं." आणि त्या आवाजात खरोखरच अभिमान होता.

"वाचली मात्र सगळी," सई म्हणाली. "पी-वन पी-टू पीटरला कळेना, ते मी फळ्यावर काढून दाखवलं. आणि बाबा, कुलकर्णी कोण? त्यांच्या टॉयलेटचा मुद्दा आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो आराखड्यात जाणार आहे."

काका हसले, तीही हसली. चार वर्षांनी दोघं एकमेकांशी हसत होती, त्यामुळे ते हसणं जरा अडखळत झालं. मी खुर्च्या उचलल्या. फोल्डिंगच्या खुर्च्या आवाज न करता उचलता येत नाहीत, म्हणून परत खाली ठेवल्या.

"एक विचारायचं होतं," सई म्हणाली. तिचा आवाज बदलला. "मागच्या महिन्यात पुण्याच्या मावशीचा फोन आला होता. ती म्हणाली, मला सांगू नका असं आईनेच तुला सांगितलं होतं. खरं आहे का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. मी मान हलवून, हातांनी खुणा करून सांगत होते, हो म्हणा. चार वर्षं ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस झुरला ती आपण होऊन दारात आली होती, फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," काका म्हणाले. "मावशीला काय माहीत, ती तिकडे पुण्याला. आई तुझी वाट बघत होती. माझंच चुकलं, सई. मला वाटलं, अजून वेळ आहे."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कट झाला असं वाटून काकांनी तो कानाजवळ नेला. मग तिचा श्वास ऐकू आला, आणि नाक ओढल्याचा आवाज.

"बाबा, नाश्ता केलास का?"

"अजून नाही."

"मग कर. मी आहे फोनवर."

काका उठले. एका हातात फोन तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने पोह्यांचा डबा काढला, आणि तिला विचारलं, कांदा किती घालू. मी खुर्च्या तिथेच ठेवल्या आणि दार ओढून घेतलं.